आकाशाचाही पंचनामा व्हावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागील वर्षी, 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भासह उत्तर महाराष्ट्रातून आणि मध्य प्रदेश व गुजरातच्या काही भागांतून एक तेजस्वी अग्निगोल आकाशातून सरकत जाताना दिसला. त्या घटनेला लवकरच एक वर्ष पूर्ण होईल. त्या आठवड्यात या विषयावर आपल्या दैनिकासह सर्वत्र पुष्कळ छापून आले. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे पडलेल्या धातूच्या कड्याची छायाचित्रे घरोघरी पोहोचली आणि पुढे विषय मागे पडला. मात्र एक काम त्या वेळी राहून गेले. ते पुढच्या खेपेला तरी राहू नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो आहे. आयुष्य साखळी, फलक आणि हद्दीच्या खुणा यांत गेले असल्यामुळे कोणी ‘तिकडे’ म्हणाले की ‘तिकडे म्हणजे नेमके किती अंशांवर’ असे विचारण्याची खोड मला लागली आहे. घरच्यांना तिचा त्रास होतो; पण त्या संध्याकाळी ती उपयोगी पडली.

सूर्यास्ताला गुढी उतरवून तिची काठी मी अंगणातल्या भिंतीला टेकवून ठेवली होती. एप्रिलच्या उकाड्यात जेवणाआधी अंगणात किंवा गच्चीवर बसण्याची आपल्याकडे रीतच असल्यामुळे आमची अर्धी आळी उघड्यावर होती. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली, त्यामुळे चंद्राचा उजेड नव्हता. पश्चिमेकडे, कृत्तिकांच्या जरा खाली, एक पिवळसर ठिपका दिसला आणि तो वर चढू लागला. प्रथम मला ते नागपूरला उतरणारे विमान वाटले. पुनर्वसूच्या जोडताऱ्यांजवळ तो येईपर्यंत त्याचे एकाचे सहा-सात ठिपके झाले होते, प्रत्येकामागे नारिंगी शेपूट होते, आणि ते सगळे एकाच रेघेत, एकाच चालीने, जणू माळेत ओवल्यासारखे चालले होते. मघेच्या उजव्या हाताने ते आग्नेयेकडे उतरले आणि हस्त नक्षत्राच्या थोडे वर, एकामागून एक तांबूस होत विझले. मी मनात आकडे मोजत होतो. पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या विझण्यापर्यंत अठ्ठेचाळीस झाले. आवाज आला नाही. त्यानंतर पाच-सात मिनिटे मी कान देऊन उभा होतो, पण आळीतल्या माणसांच्या ओरडण्याखेरीज काही ऐकू आले नाही.

ओरडणे मात्र निरनिराळे होते. कोणी उल्का म्हणत होते, कोणी विमान पेटले म्हणत होते. त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर रोज युक्रेनचे युद्ध दिसत असल्यामुळे एका तरुणाने ठामपणे क्षेपणास्त्र असल्याचे सांगितले. आमच्या शेजारच्या वृद्ध आजींनी नातवाचा वर केलेला हात खाली ओढला, कारण तुटत्या ताऱ्याकडे बोट दाखवू नये. माझी आजीही हेच सांगत असे. मला त्या क्षणी नेमके उलटे वाटले, कारण अशा वेळी बोट दाखवण्याइतके उपयोगाचे दुसरे काही नसते. मी भिंतीला टेकवलेली गुढीची काठी उचलली, तुळशी वृंदावनाला एक टोक लावले आणि ते ठिपके जेथे विझले त्या दिशेला ती जमिनीवर आडवी ठेवून दिली. हात लांब करून मूठ धरली, तर विझण्याची जागा क्षितिजापासून दोन मुठी वर होती. रात्रभर काठीला कोणी हात लावू नये असे घरात बजावले. सकाळी होकायंत्र ठेवून पाहिले, तेव्हा दिशा पूर्वेपासून दक्षिणेकडे वीस अंश निघाली.

पुढे लाडबोरीची बातमी आली. सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आणि त्याच तालुक्यातील पवनपार परिसरात सापडलेला धातूचा गोळा, यांचे रीतसर पंचनामे झाले, वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या, आणि तपासणीसाठी इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन गेले. मी जिल्ह्यांच्या नकाशावर हिंगणघाटपासून माझ्या काठीची रेघ लांबवली, तर ती सिंदेवाही तालुक्यातूनच गेली. याचे कौतुक कोणी करू नये, कारण एका रेघेवर शेकडो गावे असतात आणि ती आंध्र, ओडिशापार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. मोजणीत एका ठिकाणाहून ओढलेली रेघ ही अर्धी गोष्ट असते. फलक दुसऱ्या ठिकाणी लावून तीच खूण पुन्हा पाहावी, दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतील तेथे ती वस्तू, हे आमच्या खात्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. आकाशातल्या वस्तूला तर हे अधिकच लागू आहे. ती चाळीस किलोमीटर उंचीवर विझली असे धरले, तर माझ्या दोन मुठींच्या हिशेबाने ती माझ्यापासून एकशे दहा किलोमीटरवर होती. साठ किलोमीटर धरली, तर एकशे पासष्टवर. दुसरी रेघ मिळाल्याशिवाय उंची ठरत नाही आणि उंची ठरल्याशिवाय अंतर ठरत नाही. ती दुसरी रेघ नागपूर, यवतमाळ, गडचिरोली, अमरावती, कोठूनही मिळाली असती, इतकी माणसे त्या वेळी वर पाहत होती. मी ओळखीच्या अकरा जणांना दूरध्वनी केले. प्रत्येकाने ते दृश्य उत्साहाने सांगितले, प्रत्येकाजवळ चित्रफीत होती किंवा शेजाऱ्याजवळ होती. पण आपण कोठे उभे होतो, तोंड कोणत्या दिशेला होते आणि घड्याळात नेमके किती वाजले होते, ही तीनही उत्तरे एकत्र एकाकडूनही मिळाली नाहीत.

त्या दोन-तीन दिवसांत जे छापले गेले त्यातही विशेषणे अधिक आणि अंश कमी होते. ‘उल्कावर्षाव’ हा शब्द तर सर्रास वापरला गेला. वर्षावात अनेक उल्का निरनिराळ्या वेळी, पण आकाशातील एकाच बिंदूपासून फाकल्यासारख्या दिसतात. एकाच वस्तूचे तुकडे एका रांगेत गेले म्हणून त्याला वर्षाव म्हणता येत नाही. तसेच, खरी उल्का आणि पृथ्वीभोवती फिरून खाली येणारा मानवनिर्मित तुकडा यांतला फरक साध्या डोळ्यांनीही बहुधा ओळखता येतो. उल्का सेकंदाला किमान अकरा आणि कमाल बहात्तर किलोमीटर इतक्या वेगाने वातावरणात शिरते, त्यामुळे तिचा खेळ बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांत आटोपतो. शुक्रापेक्षाही तेजस्वी असा मोठा अग्निगोल असला तरी तो क्वचितच दहा-पंधरा सेकंदांपुढे जातो. कक्षेतून घसरलेला अग्निबाणाचा भाग सेकंदाला आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, तोही जवळजवळ आडवा येतो. म्हणून तो संथ वाटतो, मिनिटभर दिसत राहतो आणि त्याचे तुकडे समांतर चालताना दिसतात. माझे अठ्ठेचाळीस आकडे हाच निवाडा देत होते. त्या दिवशी न्यूझीलंडमधून उडालेल्या एका अग्निबाणाचे नाव प्रथम घेतले गेले. परंतु हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांच्या नोंदी पाहून, फेब्रुवारी 2021 मध्ये सोडलेल्या चीनच्या ‘लाँग मार्च 3बी’ अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच वेळी याच पट्ट्यावरून खाली येत होता, असे दाखवून दिले. म्हणजे ओळख पटली ती अमेरिकेतल्या नोंदवहीवरून. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले त्या लाखो लोकांचा त्या ओळखीला हातभार लागला तो केवळ वेळ आणि चित्रफिती यांपुरता.

कोणी म्हणेल, सामान्य माणसाच्या पाहण्याला शास्त्रात काय किंमत? आकाशातून दगड पडतात ही गोष्ट युरोपातील विद्वानांनी मान्य केली त्यात सामान्य माणसांच्या साक्षींचा मोठा वाटा होता, आणि त्यांत आपल्याकडची एक संध्याकाळही आहे. 19 डिसेंबर 1798 रोजी रात्री आठच्या सुमारास काशीजवळच्या क्राखुत या गावाच्या परिसरात लोकांनी तेजस्वी गोळा पाहिला, गडगडाट ऐकला आणि दुसऱ्या दिवशी शेतांतून काळ्या सालीचे दगड गोळा केले. ते इंग्लंडला गेले. एडवर्ड हॉवर्ड या रसायनतज्ज्ञाने 1802 मध्ये त्यांची तुलना इतर देशांत पडलेल्या दगडांशी केली, तेव्हा सगळ्यांत निकेलचा अंश निघाला आणि सगळे एकमेकांचे भाऊबंद ठरले. पुढच्याच वर्षी, 26 एप्रिल 1803 रोजी, फ्रान्समधील लेग्ल या गावाभोवती सुमारे तीन हजार दगड पडले. चौकशीसाठी गेलेला झाँ-बातिस्त बिओ हा तरुण शास्त्रज्ञ वाड्या-वस्त्यांतून हिंडला. कोणी काय पाहिले, काय ऐकले, कोठे, किती वाजता, हे त्याने गाडीवानांपासून पाद्र्यांपर्यंत सर्वांना विचारून लिहून घेतले, आणि दगड सापडलेल्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा त्यांचा लंबगोल पट्टा तयार झाला. आमच्या खात्याच्या भाषेत, त्याने गावकऱ्यांचे जबाब घेऊन मोका पाहणी केली. मला या सबंध इतिहासात सर्वांत आवडणारा माणूस हा आहे.

आपल्या विदर्भाला तर या विषयात पाहुणे समजण्याचे कारणच नाही. लोणारचे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर अवकाशातून येऊन बेसाल्टवर आदळलेल्या वस्तूने केलेले आहे. अलीकडचे उदाहरण काटोलचे आहे. 22 मे 2012 रोजी दुपारी दोनच्या सुमारास, भर उन्हात, लोकांनी अग्निगोल पाहिला, कडाडणे ऐकले, आणि काटोलच्या परिसरात दगड पडले. तीसहून अधिक तुकडे मिळाले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्यांची नोंद केली. अशा दगडाला मराठीत अशनी हा जुना आणि चांगला शब्द आहे, तो वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही उल्केचा एक प्रकार म्हणून येतो. काटोलच्या त्या अशनीचा अभ्यास करताना 2021 मध्ये आपल्या शास्त्रज्ञांना त्यात ब्रिजमनाईट हे खनिज स्फटिकरूपात आढळले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात 660 किलोमीटरच्या खाली विपुल आहे, पण तेथून ते कोणाला आणता येत नाही. कोणा शेतकऱ्याने दारात पडलेला काळा दगड उचलून ठेवला नसता आणि तो सरकारी माणसाला दाखवला नसता, तर हे कळले नसते.

काटोलच्या वेळी कोणी दोन दिशांच्या रेघा घेऊन ठेवल्या असत्या, तर त्या दगडाची वाट मागे सूर्याभोवतीच्या कक्षेपर्यंत शोधता आली असती. रशियातील चेल्याबिन्स्क येथे 15 फेब्रुवारी 2013 रोजी हे झाले. सुमारे वीस मीटरची ती वस्तू जमिनीपासून तीस किलोमीटर उंचीवर फुटली. मोटारींत लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रफितींतून, खांबांच्या सावल्या कशा फिरल्या यावरूनही, शास्त्रज्ञांनी तिचा मार्ग आणि मूळ कक्षा काढली. तेथील दुसरी गोष्टही सांगण्यासारखी आहे. झगमगाट पाहून माणसे काय झाले ते बघायला खिडक्यांशी धावली, प्रकाशानंतर दोनेक मिनिटांनी हवेचा धक्का पोहोचला, आणि सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, त्यांतली बहुतेक फुटलेल्या काचांनी. आकाशात भलताच लखलखाट झाला तर पाच मिनिटे काचेपासून दूर राहावे, ही सूचना आपण छापल्यास ती वाया जाणार नाही.

दर वेळी ऐकू येणारे एक वाक्य येथे निकालात काढले पाहिजे, ते म्हणजे ‘तो मागच्या शेतातच पडला’. झाडामागे दिसेनासा झालेला अग्निगोल झाडामागे पडलेला नसतो. ऐंशी किलोमीटर उंचीवरची वस्तू क्षितिजापासून एका मुठीएवढ्या उंचीवर दिसत असेल, तर ती जवळजवळ चारशे किलोमीटर दूर असते. शिवाय अशनी पडणार असेल तर जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर उंचीवरच त्याचा उजेड संपतो आणि पुढचा प्रवास तो अंधारात, साध्या दगडासारखा पडत करतो. म्हणून जो जळताना शेवटपर्यंत ‘शेतात उतरताना’ दिसला, तो बहुतेक खूप लांब कोठेतरी आहे, आणि जो खरोखर शेतात पडला त्याच्या शेतकऱ्याने कदाचित केवळ धप्प असा आवाजच ऐकला असेल.

माझी सूचना साधी आहे. गावात गारपीट झाली, वीज पडून जनावर दगावले, तर तलाठी आणि पोलीस पाटील येऊन पंचनामा करतात. आकाशात असे काही घडले तर दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रणेने, गावातील दोन-तीन जाणत्या माणसांना ते जेथे उभे होते त्याच जागी पुन्हा उभे करून, कोठे प्रथम दिसले आणि कोठे विझले त्या दोन दिशा होकायंत्राने व मुठींनी मोजून घ्याव्यात. दहा अंशांची मूठ आणि एका अंशाची करंगळी प्रत्येकाच्या हातालाच असते. वेळ घड्याळात पाहिलेली की अंदाजाची, दिसण्याचा कालावधी आकडे मोजून की नुसता वाटला तो, आवाज आला असल्यास उजेडानंतर किती वेळाने, हे विचारावे. ‘घाबरलात का’ हे विचारण्याची गरज नाही. कागदाची एक बाजू पुरते. जागा मात्र तीच हवी, कारण घरात बसून आठवलेली दिशा आणि अंगणात उभे राहून दाखवलेली दिशा यांत तीस-चाळीस अंशांचा फरक पडलेला मी या अकरा जणांकडूनच पाहिला आहे. हातात दगड सापडला असेल तर त्याला लोहचुंबक लावून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्याने दगडातील मूळ चुंबकीय खूण पुसली जाते. कोरड्या कागदात गुंडाळून तो नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणापर्यंत पोहोचवावा.

याला केवळ हौसेचे काम म्हणता येणार नाही. अवकाशातील वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीच्या जबाबदारीविषयीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जमिनीवर झालेल्या हानीची भरपाई ती वस्तू सोडणाऱ्या देशाने, त्याची चूक सिद्ध करण्याची अट न घालता, द्यावयाची असते, आणि हा दावा सरकारमार्फत सामान्यतः एका वर्षाच्या आत करावा लागतो. जानेवारी 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस 954’ हा उपग्रह कॅनडात कोसळला, त्यानंतर कॅनडाला तीस लाख कॅनेडियन डॉलर मिळाले ते पुराव्यांच्या बळावर. लाडबोरीत सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण एवढे मोठे कडे एखाद्या घरावर पडले असते, तर ती वस्तू कोणाची आणि कोणत्या वाटेने आली हे दाखवण्यासाठी आपल्याजवळ भ्रमणध्वनीवर एकाने दुसऱ्याला पाठवलेल्या चित्रफितींपलीकडे फारसे काही नव्हते. दावा ज्याला लावायचा त्याला हद्द दाखवावी लागते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे.

प्रशासन हे करील तेव्हा करील. तोपर्यंत आपल्या दैनिकाने एक काम करावे, अशी विनंती आहे. असा अग्निगोल पुन्हा दिसला तर दुसऱ्याच दिवशी, छायाचित्राशेजारी, वर लिहिलेल्या चार-पाच प्रश्नांची एक लहान चौकट छापावी आणि वाचकांची उत्तरे गावांच्या नावांसह मागवावीत. आपले वार्ताहर तालुक्या-तालुक्यांत आहेत. तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या तीन नीट नोंदी मला तरी तीनशे चित्रफितींपेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

मागील पाडव्याची माझी नोंद वहीत केली होती तशीच येथे उतरवून देत आहे. ‘हिंगणघाट, घराचे अंगण, तुळशी वृंदावनाजवळ. वेळ 7 वाजून 46 मिनिटे, भिंतीवरील घड्याळ, एक-दोन मिनिटांची चूक शक्य. प्रथम पश्चिम-वायव्येस, कृत्तिकांखाली. शेवट पूर्वेपासून दक्षिणेकडे वीस अंश, उंची दोन मुठी. कालावधी अठ्ठेचाळीस आकडे. तुकडे सहा किंवा सात. आवाज नाही.’ त्याच संध्याकाळी नागपूर, गडचिरोली, यवतमाळ किंवा तेलंगणाच्या बाजूने ज्यांनी हे पाहिले असेल आणि ज्यांना आपली उभे राहण्याची जागा आजही दाखवता येत असेल, त्यांनी तेथे एकदा उभे राहून आपली दिशा मोजावी आणि ती या दैनिकाच्या कार्यालयाकडे कळवावी. नकाशावर माझी रेघ अजून एकटीच आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त भूकरमापक,
हिंगणघाट, जि. वर्धा
मार्च 2023